रॅम महागली, आता जुना डबा उघडा

मायक्रॉन ‘क्रुशल’ गुंडाळणार ही बातमी ३ डिसेंबर २०२५ ला आली आणि गेमिंगवाल्या पोरांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कमी पैशांत पीसी जोडणाऱ्यांचा हा लाडका ब्रँड. पण दुकानात एक नाव कमी होणार, हा त्यातला किरकोळ भाग. खरं दुखणं किमतीचं आहे. डीडीआर-५ची १६ जीबीची जी पट्टी २०२५च्या मध्यापर्यंत चार-पाच हजारांत मिळत होती, तिची किंमत वर्ष संपता संपता दुप्पट-तिप्पट झाली. लॅमिंग्टन रोड घ्या की पुण्याची तपकीर गल्ली, कालचा भाव आज मिळेल याची खात्री कोणी देत नाही.

याचं कारण एआय, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. फक्त ते नेमकं कसं, हे थोडं पाहू. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. डेटा सेंटरमधल्या एआय चिपांना लागते ती एचबीएम नावाची मेमरी, म्हणजे एकावर एक रचलेले मेमरीचे थर. ती त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होते. तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला डीडीआर-५च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन लागतं, असं खुद्द मायक्रॉनचंच म्हणणं आहे. रान तेवढंच, त्यात ऊस लावला की ज्वारी कमी होणार, आणि उसाला भाव असताना ज्वारी कोण लावतो? त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने दोन्ही कोरियन कंपन्यांशी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांपर्यंतचं लक्ष्य सांगितलं होतं. गेमरच्या दोन पट्ट्यांची तिथे कोण पत्रास ठेवणार!

माझा मात्र या ‘बिचाऱ्या’ कंपन्यांवर पूर्ण विश्वास नाही. १९९९ ते २००२ या काळात संगनमताने रॅमचे भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर दंड झाला होता. तपासाला मदत केली म्हणून मायक्रॉन सुटली. आताही तसंच चाललंय असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण टंचाईत हात धुऊन घेण्याची या धंद्याला सवय आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. आणि मायक्रॉनचा कारखाना गुजरातेत साणंदला आलाय म्हणून इथे रॅम स्वस्त होईल, या भ्रमात राहू नका. तिथे चिपांचं पॅकिंग आणि चाचणी होते, मूळ चिप तिथे बनत नाही. भाव जगाचाच राहणार.

तर मग पन्नासेक हजारांत नवा गेमिंग पीसी? माझं स्पष्ट मत: घरात पाच-सात वर्षांच्या आतला पीसी असेल, तर यंदा नवा घेऊ नका. आहे तोच उघडा.

‘जीटीए ६ येतोय’ हे घरच्यांना पटवायला चांगलं कारण आहे, पण जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची आहे. पीसीची तारीख रॉकस्टारने सांगितलेलीच नाही. आपल्याकडची पोरं रात्र रात्र जे खेळतात, ते व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जुना जीटीए ५. त्यातला व्हॅलोरंट तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवरही सुरू होतो. फोर-केचे व्हिडिओ यूट्यूबवर बघा. घरच्या मॉनिटरला १०८० बस्स आहे.

पैसे काढण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्यांना छदाम लागत नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात? हसू नका, बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावून ‘कार्ड काही कामाचं नाही’ म्हणणारे कमी नाहीत. दुसरं, १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच राहिलाय का? तिसरं बायोसमध्ये. ३२०० ची रॅम घेतली, तरी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी सुरू केल्याशिवाय ती बहुतेक बोर्डांवर २१३३ किंवा २६६६ वर चालते. असेंबल करून देणाऱ्याने ते सुरू केलंच असेल असं धरून चालू नका. पट्टी एकच असेल, तर तिच्या जोडीची दुसरी टाकल्यावरही फरक पडतो. कार्डाशिवाय, रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

आता ज्याकडे कोणीच बघत नाही, त्या वीज पुरवणाऱ्या पेटीकडे वळतो. एसएमपीएस. पीसीची यादी करताना पोरं प्रोसेसरवर तासभर भांडतात, कार्डावर दोन तास, आणि शेवटी ‘एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येईल तो’ असं म्हणून मोकळी होतात. बजेट बिघडतं ते इथे.

कॅबिनेटचं डावीकडचं झाकण काढा. आत चौकोनी पेटी असते आणि तिच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. ठळक अक्षरात लिहिलेलं ‘४५० वॉट’ वाचू नका. तक्त्यात ‘+१२ व्ही’चा रकाना शोधा आणि त्याखालचे अँपिअर बघा. समजा तिथे १८ लिहिलंय. अठरा गुणिले बारा म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या वाटेने घेतात, म्हणजे तुमच्या उपयोगाचा एसएमपीएस ४५० चा नाही, २१६ चा आहे. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत पडून आहेत. त्यांचं आजच्या पीसीत फारसं काम उरलेलं नाही. आता यावर आरएक्स ६६०० लावून बघा. कार्डाचे १३२ वॉट, रायझन ५ ५६०० चे भर कामात ७५ च्या आसपास, झाले २०७. पंखे, डिस्क अजून मोजलेच नाहीत. एएमडी या कार्डासाठी ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवते आणि आपल्या पेटीवर ४५० छापलेलंही असतं. मग गेमच्या ऐन मध्यात पीसी बंद पडला की दोष कार्डाला!

दुरुस्तीच्या टेबलावर ‘कार्ड खराब’ म्हणून आलेला पीसी एसएमपीएस बदलल्यावर सुरळीत चालतो, हा अनुभव तिथल्या कोणालाही विचारा. सगळीच कार्डं अशी नशीबवान नसतात. काही एसएमपीएस जाताना बोर्डालाही सोबत नेतात. म्हणून नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस’ शिक्का असलेला एसएमपीएस आधी घ्या. हा शिक्का किती वीज वाया जाते तेवढंच सांगतो, आतल्या संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचारा. पाच वर्षांची देणारे आहेत. हाच एसएमपीएस पुढच्या पीसीतही जाईल.

त्याच्याच जोडीला घरची वीज. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि त्यावर मॉनिटरही असतो. त्यामुळे गेम चालू असताना लाइट गेली की तो कुईकुई करून मान टाकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर प्लगच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगच नाही असं समजा. जुन्या चाळीत आणि वाड्यात हे सर्रास आढळतं. अशा वेळी चाळीस हजारांच्या मशिनला पाचशे-हजारांचा इलेक्ट्रिशियन आधी हवा.

कार्डाचं थोडक्यात सांगतो. एसएमपीएस बदलायचाच नसेल, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॉटवर चालतं. वेगळी वायर लागत नाही. एसएमपीएस बरा असेल तर आरएक्स ६६००. इंटेलच्या बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे, किमतीच्या मानाने दमदार. पण ते नव्या बोर्ड-प्रोसेसरवरच खुलतं, जुन्या मशिनवर नको. आरएक्स ६५०० एक्सटीच्या वाटेला तर जाऊच नका. त्याला पीसीआय एक्सप्रेसचे फक्त ४ लेन आहेत, आणि जुन्या जेन ३ च्या बोर्डावर तेही अर्ध्या वेगाने चालतात.

प्रोसेसरच्या बाबतीत एएमडीच्या एएम४ सॉकेटला दाद द्यायला हवी. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून आजही रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड तोच, डीडीआर-४ रॅम तीच. नव्या एएम५ ला डीडीआर-५ घ्यावीच लागते, म्हणजे आजच्या भावात दुहेरी भुर्दंड. इंटेलवाल्यांनी बाराव्या पिढीचा डीडीआर-४ चालणारा बोर्ड बघावा. डीडीआर-४ सुद्धा आता स्वस्त राहिलेली नाही, कारण कंपन्यांनी तिचं उत्पादन आटोपतं घेतलंय. म्हणूनच घरातल्या पट्ट्या जपा.

सेकंड हँड घ्यावं का? जरूर घ्या, पण उघड्या डोळ्यांनी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. ती अजून हातोहात फिरतायत. पॅकबंद डब्यातलं ‘आरएक्स ५८०’ स्वस्त दिसलं तर ‘२०४८ एसपी’ हे शब्द शोधा. मूळ ५८० ला २३०४ कोअर होते. हे कमी ताकदीचं भावंड आहे. विकणाऱ्यासमोरच कार्ड मशिनमध्ये लावा, जीपीयू-झेडमध्ये खरं नाव तपासा आणि पंधरा मिनिटं फरमार्क चालवून तापमान बघा. ‘घरी नेऊन चेक करा’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

ऑफिसमधून निघालेले जुने डेल-एचपीचे डबे सध्या भरपूर मिळतात. स्वस्तही आहेत. मात्र आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुगाड करून ११ टाकलं, तर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो आणि दारातूनच परत पाठवतो. शिवाय या डब्यांचे एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातला सहसा बसत नाही.

तेव्हा यंदा हातात पंधरा-वीस हजार असतील तर क्रम असा ठेवा: आधी एसएमपीएस, मग कार्ड, उरले तर एसएसडी. रॅम असेल तेवढीच चालवा. ८ जीबीवर अडत असेल तर जोडीची एक जुनी पट्टी शोधा, आणि प्रत्येक वस्तूच्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. वॉरंटी त्या नंबरवरच मिळते.