लाकूड, कापड आणि दुधाचा सरस

मुकुंदवाडीतल्या गच्चीवरून विमान नीट न्याहाळता येतं, चिकलठाण्याचा विमानतळ शेजारीच आहे. उतरणाऱ्या त्या विमानांचे पंख धातूचे. पण 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जे पुस मॉथ विमान जुहूला उतरवलं, त्याचे पंख लाकडाचे होते आणि त्यांवर कापड ताणलेलं होतं. ऐकून धास्ती वाटते. असा पंख भार कसा पेलतो, ते बघू.

संक्रांतीचा पतंग आठवा. कामट्या आकार धरतात, कागद वारा धरतो. पंखात कामट्यांच्या जागी दोन लांब तुळया, एक पुढे, एक मागे. विमान उडालं की पंख वर वाकू पाहतो. तुळईची खालची कड ताणली जाते, वरची दाबली जाते. म्हणून तुळईला सिटका स्प्रूसचं लाकूड घेतात, सागवानापेक्षा बरंच हलकं आणि वजनाच्या मानाने कमालीचं चिवट. फळी निवडताना रेषा बघतात. 15 इंचांत रेषा एक इंचाहून जास्त तिरकी गेली की फळी बाद. तुळयांवर आडव्या बसतात त्या फासळ्या. पंखाची पाठ फुगीर ठेवणं हे त्यांचं काम.

मग कापड, लिननचं किंवा सुती. चढवताना ते थोडं सैलच असतं. त्यावर डोप नावाचा द्रव ब्रशने देतात. हा नेलपॉलिशच्या कुळातला, वासही तसाच. वाळताना तो आकसतो आणि कापडाला ओढून धरतो. दोन-तीन हात झाले की टिचकीसरशी डफासारखा आवाज येतो. पुढच्या हातांत ॲल्युमिनियमची पूड घालतात, कारण उन्हाने कापड जीर्ण होतं. जुनी विमानं चंदेरी दिसतात ती त्यामुळे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती शिलाई. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो आणि कापड फासळी सोडून फुग्यासारखं उचलू पाहतं. म्हणून लांब सुईत मेण लावलेला दोरा ओवून वरून खाली, फासळीला वळसा घालून परत वर, असे टाके घालतात. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एक उसवला तरी शेजारचा धरून राहतो. प्रोपेलरच्या झोतात येणारे टाके जास्त जवळजवळ.

पुस मॉथच्या सुरुवातीच्या वर्षांत काही विमानांचे पंख हवेत तुटले, माणसं गेली. तपासाअंती पंखाला खालून आधार देणाऱ्या पुढच्या टेकूला मध्यावर आखूड जोडटेकू देऊन तो ताठ केला. लाकूड आणि कापड होतं तसंच राहिलं.

या पंखाचा खरा वैरी म्हणजे ओल. त्या काळी सांधे जोडायला केसिनचा सरस वापरत, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. ओल लागली की बुरशी तो खाते आणि वरून काहीच कळत नाही. जुहूचं मैदान तर पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांची विमानं पुण्याला हलवावी लागत. पण कोरडा ठेवला तर हा पंख टिकतो. 1982 साली, वयाच्या 78व्या वर्षी, जेआरडींनी त्याच कराची-मुंबई वाटेवर पुन्हा उड्डाण केलं ते त्याच घराण्यातल्या जुन्या लेपर्ड मॉथमधून.

पंखाच्या खालच्या अंगाला, मागच्या कडेशी, पाणी निथळायला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. एखाद्या संग्रहालयात किंवा हँगरमध्ये असा पंख दिसला, तर रंग नंतर बघा. आधी वाकून ती छिद्रं मोकळी आहेत का, ते बघा.