ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एस.एम.पी.एस.चे लेबल वाचा

भरतकामाच्या डिझाइन, फ्लेक्स किंवा लग्नपत्रिका करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंचा संगणक लग्नसराईत रखडू लागला की कोणीतरी सल्ला देतो, ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या. कार्ड हजारो रुपयांचे असते. पण त्याला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एस.एम.पी.एस., ते ओढू शकेल काय, हे फार थोडे लोक विचारतात. डबा कमी पडला तर ऐन कामात संगणक बंद पडतो. डबा हलक्या प्रतीचा असेल तर तो स्वतः जळतो आणि कधी मदरबोर्ड व डिस्कही घेऊन जातो. त्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या डिझाइन असतात, ती अमानतच समजावी.

आम्ही कापडवाले. थानावर छापलेले मीटर आणि गजाने मोजलेले मीटर यांतला फरक आम्हाला कोणी शिकवायला नको. एस.एम.पी.एस.चेही तसेच आहे. कॅबिनेटसोबत स्वस्तात येणाऱ्या डब्यावर ‘४५०’ मोठ्या अक्षरात असते, पण खरा हिशेब बाजूच्या बारीक लेबलावर असतो. प्लग काढून कॅबिनेटचे झाकण उघडा आणि लेबलावर ‘+१२ व्होल्ट’च्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. त्याला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट झाले. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, म्हणून तुमच्या कामाचा आकडा हाच. (डबा स्वतः मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.)

आता खर्चाची बाजू. इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत घेतो. आर.टी.एक्स. ३०६० कार्ड १७० वॉटचे. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे ५० धरा. बेरीज ३३७. वरच्या २१६ वॉटच्या डब्यात हे बसत नाही. या कार्डासाठी एनव्हिडिया कंपनी ५५० वॉटचा एस.एम.पी.एस. सांगते, तोही चांगल्या प्रतीचा. उलट जी.टी.एक्स. १६५० हे कार्ड ७५ वॉटचे आहे. जुन्या ६५ वॉटच्या प्रोसेसरसोबत त्याची बेरीज १९० होते आणि त्याच डब्यात जेमतेम निभते.

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंतच वीज देतो. त्याहून मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते: सहा पिनांची ७५ वॉट, आठ पिनांची १५० वॉट. आपल्या डब्याला ती वायर नसेल तर दुकानदार डिस्कच्या, म्हणजे साटाच्या, वायरला जोडायचा कन्व्हर्टर पुढे करतो. तो घेऊ नये. साटाच्या जोडणीतून १२ व्होल्टवर ५४ वॉटच नेता येतात. तिच्यातून ७५ ओढले की प्लास्टिक वितळते. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला कार्डाच्या वायरसारखीच असते, पण तिची जोडणी वेगळी आहे. जोर लावून बसवू नये.

यू.पी.एस.चा विचार तर कोणी करतच नाही. आपल्याकडच्या दुकानांत ६०० व्ही.ए.चे यू.पी.एस. सर्रास दिसतात आणि त्यांतले बरेच प्रत्यक्षात ३६० वॉटच देतात. आतली गरज ३३७ असली तरी एस.एम.पी.एस. काही वीज उष्णतेत घालवतो. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून ४२१ वॉट ओढले जातात, मॉनिटर वेगळा. म्हणजे लाइट गेली की यू.पी.एस. शिट्टी मारून बसणार आणि अर्धवट डिझाइन गेली.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्यावी: कार्डाची गरज आहे काय? लग्नपत्रिका, फ्लेक्स, भरतकामाची आखणी यांसारख्या साध्या कामाला बहुधा रॅम वाढवून आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. टाकूनच जास्त फरक पडतो. त्यात एस.एम.पी.एस.चा प्रश्नच येत नाही. व्हिडिओ किंवा थ्री-डीचे काम असेल तरच कार्डाकडे वळावे.

आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा की गावातून घ्या, कार्ड आणि एस.एम.पी.एस. दोन्हींची पक्की पावती व वॉरंटी घ्यावी. संगणक दुकानातच जोडून, कार्डावर पूर्ण भार देऊन अर्धा तास चालवून पाहावा आणि मगच पैसे चुकते करावेत.