मंगळाच्या गळतीची पन्नास वर्षं

माणूस चंद्रावर उतरून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा मरिनर-६ मंगळाजवळून गेलं, पाठोपाठ मरिनर-७. १९६९ सालच्या त्या गडबडीत जगाचं लक्ष साहजिकच चंद्राकडे होतं. पण चार्ल्स बार्थ यांच्या अतिनील वर्णपटमापकाने पुढच्या पन्नास वर्षांचं काम नेमून दिलं.

उपकरण ग्रहाच्या कडेवर रोखायचं. नजर वरून खाली सरकते तशी आधी हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा दिसते, १२१.६ नॅनोमीटरची, मग १३०.४ वर ऑक्सिजन, आणखी खाली सूर्याने फोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे पट्टे. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पृथ्वीवरची हवाही तो अडवते. म्हणून यानच हवं.

हायड्रोजन हजारो किलोमीटर पसरलेला निघाला. तो मुळात पाण्यातला. पाणी फुटलं की हलका असल्याने अवकाशात निसटतो. तेजावरून निसटण्याचा वेग काढला गेला, १९७१ मध्ये मरिनर-९ आलं, आणि गळका नळ कायम एकाच धारेने गळतो तसा हा हिशेब रूढ झाला. तो इतका टिकला, कारण वर्षानुवर्षं सलग कोणी पाहत बसलंच नव्हतं, असं मला वाटतं.

२००३ च्या नाताळात मार्स एक्सप्रेस पोचलं. त्यावरच्या स्पिकॅम या वर्णपटमापकाला रात्रीच्या बाजूलाही उजेड सापडला: दिवसा सुटे झालेले नायट्रोजन-ऑक्सिजनचे अणू वाऱ्याने अंधारात जातात, खाली उतरून जोडले जातात आणि चमकतात. खरा धक्का मात्र २००७ चा. त्या वर्षीच्या धुळीच्या वादळानंतर काही महिन्यांतच हायड्रोजनचं तेज झपाट्याने उतरलं. हबल दुर्बिणीनेही तेच टिपलं. धार एकसारखी नव्हतीच.

सप्टेंबर २०१४ मध्ये नासाचं मावेन आणि आपलं मंगळयान दोन दिवसांच्या अंतराने कक्षेत शिरलं. मंगळयानावरचा लॅप हा जेमतेम दोन किलोचा मापक हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्युटेरियम यांच्यासाठी होता. जड अणू कमी निसटतो, मागे साचतो. मंगळाच्या पाण्यात त्याचं प्रमाण पृथ्वीच्या पाचेक पट आहे. कौतुकाच्या बातम्यांत बिचाऱ्या लॅपचं नाव फारसं आलं नाही.

मावेनच्या सलग नोंदींनी ऋतूंचा हात पक्का केला: मंगळ सूर्याजवळ असताना धूळ उठते, बाष्प उंच चढतं, गळती वाढते. २०२१ पासून अमिरातीचं होप वीस हजार किलोमीटरहून अधिक दूर राहून पाहतं आहे. मावेनला हायड्रोजनच्या त्या वलयाच्या आत राहूनच मोजावं लागे. होपला त्याचा बराचसा पसारा बाहेरून दिसतो.