हातातली पाटी कशी पारखावी?

बैल घेताना आपण काय करतो? विकणारा म्हणाला आणि आपण पैसे मोजले, असे कोणी करीत नाही. आपण दात पाहतो. खांदा पाहतो. दहा पावले चालवून पाहतो. आणि ज्याने तो बैल आधी जुंपला होता, त्याला गाठून विचारतो, "काय भाऊ, चिखलणीत बसतो का हा?" विकणारा गुण सांगतो. वापरणारा खोडही सांगतो. म्हणून ऐकावे दोघांचे, पण वापरणाऱ्याचे जरा जास्त ऐकावे.

हीच रीत एका नव्या वस्तूला लावायची आहे. तिचे नाव टॅबलेट. लोक नुसते टॅब म्हणतात.

टॅब म्हणजे काय? शाळेतली पाटी डोळ्यांपुढे आणा. टॅब तसाच चपटा असतो आणि हातात मावतो. पाटीवर पेन्सिलीने लिहितात, टॅबवर बोटाने काम करतात. मोबाइलचा हा थोरला भाऊच म्हणा ना. इंटरनेट जोडले की त्यात मुलांचे धडे दिसतात, बाजारभाव दिसतो, सातबाराही पाहता येतो.

गोंदिया जिल्ह्याच्या घरांनाही ही पाटी आता परकी राहिलेली नाही. नागपूरला 'महाज्योती' नावाची सरकारी संस्था आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना तिने डॉक्टरकीच्या आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब दिले. सोबत रोजचे इंटरनेटही दिले. पण प्रत्येकाला टॅब फुकट मिळत नाही. पुष्कळांना तो विकत घ्यावा लागतो. २०२५-२६ साली साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. दहा हजारांचा टॅब घेतला, तर सव्वाचार क्विंटल धान त्यात गेले. बांधीत राबून पिकवलेले धान ते! मग पारख नको का करायला?

स्वस्त पाटीची गोष्ट

आपल्या देशात एक फार स्वस्त टॅब निघाला होता. त्याचे नाव 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते तो पुढे आला. सरकारला एक नग सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडला. कॉलेजच्या मुलांना तो आणखी कमी पैशांत द्यायचा, असा विचार होता. हेतू चांगला होता. गरिबाच्या मुलाच्या हातीही पुस्तकांचे भांडार यावे, हा तो हेतू.

टॅब मुलांच्या हाती गेला. मग वापरणारे काय म्हणाले?

पहिली तक्रार पडद्याची. बोट नुसते टेकवून भागत नसे, दाबावे लागे. असे का? त्या पडद्यात दोन पातळ थर होते. वरचा थर दाबून खालच्याला टेकला, की मगच यंत्राला खूण कळे. दुसऱ्या जातीचा पडदा असतो, त्यावर अगदी थोडी वीज खेळत असते. बोट टेकले की ती जराशी बोटाकडे ओढली जाते आणि यंत्राला जागा कळते. झटका बसत नाही, जोरही लागत नाही. हात ओला असला तर मात्र हा पडदा गोंधळतो.

दुसरी तक्रार गतीची. यंत्र सावकाश चाले. एक काम सांगावे आणि वाट पाहत बसावे.

तिसरी तक्रार बॅटरीची. ती लवकर उतरे. ज्या गावी वीज जाते-येते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

चौथी तक्रार इंटरनेटची. या पहिल्या टॅबात सिमकार्ड घालायची सोय नव्हती. वायफाय असेल तिथेच इंटरनेट चाले. वायफाय म्हणजे एखाद्या इमारतीत किंवा आवारात बिनतारी पसरलेले इंटरनेट. शहरातल्या कॉलेजात ते असते. पण जंगलकाठच्या गावी ते कुठून आणायचे?

काहींनी कौतुकही केले. "एवढ्या पैशांत एवढे तरी मिळाले," असे ते म्हणाले. तेही खोटे नव्हते.

२०१२ साली या कामाची जबाबदारी मुंबईच्या पवई येथील आयआयटीकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' निघाला. त्याचा पडदा हलक्या बोटाचा होता. यंत्राची गती अडीच पटीहून जास्त होती. किंमत जवळपास तीच राहिली. पुढे ही योजना बंद पडली. आज आकाश बाजारात मिळत नाही. पण त्यातला धडा घेण्यासारखा आहे. "आकाश वाईट आहे," एवढेच लोक म्हणाले असते, तर काय दुरुस्त करायचे हे कोणाला कळले असते? लोकांनी पडदा, गती आणि बॅटरी अशी नावे घेऊन सांगितले. म्हणून दुखणे कुठे आहे ते कळले.

अंगणवाडीच्या ताईंनी काय केले?

दुसरी गोष्ट टॅबची नाही, मोबाइलची आहे. पण आहे त्याच कुळातली, आणि आपल्याच राज्यातली.

अंगणवाडीच्या ताई मुलांचे वजन घेतात, उंची मोजतात. पूर्वी हे सारे वहीत लिहीत. २०१९ साली राज्यात त्यांना सरकारी मोबाइल मिळाले. २०२१ साली केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' आले. ही नोंदी भरायची मोबाइलमधली वही. आता नोंदी तिच्यात भरायच्या होत्या. पण मोबाइलची ताकद अपुरी पडू लागली. तो तापे, मध्येच अडके. बिघडला तर दुरुस्तीचा खर्च ताईंच्या अंगावर येई. शिवाय नोंदी इंग्रजीत भराव्या लागत. मराठीत काम करणाऱ्या बाईने लेकराच्या वजनाची नोंद इंग्रजीत कशी करावी? चुकीची नोंद गेली, तर ज्या लेकराला जास्त आहाराची गरज आहे, तेच नजरेआड व्हायचे.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी ताईंनी हे मोबाइल सरकारला परत केले. नेमके काय अडते तेही सांगितले. पुढे पोषण ट्रॅकरमध्ये मराठी आली. चांगल्या मोबाइलची मागणी २०२३ सालच्या त्यांच्या संपातही होती. म्हणजे एकदा सांगून सगळे सुटत नाही. पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पण न सांगता काहीच सुटत नाही.

मत कसे विचारावे?

"टॅब कसा आहे?" असे विचाराल, तर "चांगला आहे" एवढेच उत्तर मिळेल. त्यातून काय कळणार? असे विचारा:

किती दिवस वापरला? आठ दिवसांत कोणतीही नवी वस्तू गोडच लागते. वर्षभर वापरलेल्याला विचारा.

कुठे वापरला? गोंदिया शहरात जे चालते, ते देवरी-सालेकसाच्या जंगलातल्या गावी चालेलच असे नाही. तुमच्या गावी कोणत्या कंपनीची रेंज येते, ते आधी पाहा.

कशासाठी वापरला? सिनेमा पाहणाऱ्याचे मत वेगळे आणि अभ्यास करणाऱ्या पोरीचे मत वेगळे. पोरीला चार तास वाचायचे असते. बॅटरी तितकी टिकते का, मराठी नीट लिहिता येते का, उन्हात अक्षर दिसते का, हे तिलाच विचारा.

बिघडल्यावर काय झाले? दुरुस्ती गोंदियाला होते, की नागपूरला जावे लागते?

इंटरनेटवरही लोक आपली मते लिहितात. ती वाचावीत, पण डोळे उघडे ठेवून. काही मते पैसे देऊन लिहून घेतलेली असतात. हा घोळ कमी व्हावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली अशा मतांसाठी नियम घालून दिले. तरी आपली पारख आपल्याजवळ हवी. नुसती स्तुती असेल, तर जरा थांबा. एकच तक्रार दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिली असेल, तर ती खरी असण्याचा संभव जास्त.

आणि आपले मत?

वस्तू घेतली की पक्के बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. वस्तू खराब निघाली तर आधी दुकानदाराला सांगा. त्याने ऐकले नाही, तर १९१५ या नंबरवर फोन करा. ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

तक्रार लिहायला मोठे शब्द लागत नाहीत. काय घेतले, केव्हा घेतले, काय बिघडले आणि काय हवे, या चार गोष्टी पुरेत. हा नमुना वाचा. मग वहीत आपल्या हाताने लिहून पाहा:

"मी ३ जूनला तुमच्या दुकानातून टॅब घेतला. बिल सोबत जोडले आहे. २० जूनपासून टॅब चार्ज केला तरी एका तासात बंद पडतो. मुलीचा अभ्यास थांबला आहे. टॅब दुरुस्त करून द्यावा, नाहीतर बदलून द्यावा."

खाली आपली सही करा. अंगठा नाही, सही.