काळजी काळजाला लागते का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या मिटिंगला गेले तर एक मावशी दिसल्या नाहीत. कधी मिटिंग न चुकवणाऱ्या, हप्ता सगळ्यांच्या आधी देणाऱ्या, कोणाला उलटून न बोलणाऱ्या. विचारलं तर कळलं, हार्ट अटॅक येऊन गेला. दोन दिवस पाठ आणि जबडा दुखत होता, दम लागत होता. घरचे म्हणाले पित्त आहे. त्याही म्हणाल्या, पित्तच असेल. आता बऱ्या आहेत.

एक ताई म्हणाल्या, "सगळं मनात ठेवायच्या ना, म्हणून झालं." लगेच दुसऱ्या म्हणाल्या, "मग मी तर रोज भांडते, मला काय होत नाही!" सगळ्या हसल्या. मला मात्र उत्तर देता आलं नाही, म्हणून घरी येऊन वाचत बसले.

भांडणाऱ्या ताईंचं आधी सांगते. 1950 च्या दशकात अमेरिकेत फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी एका स्वभावाला 'टाईप ए' नाव दिलं. कायम घाईत, सतत चढाओढ, चटकन डोकं तापणारं. त्यांनी तीन हजारांवर माणसांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं. अशा स्वभावाच्या लोकांना हृदयरोग साधारण दुप्पट दिसला. (त्यात बाई एकही नव्हती बरं का, सगळे पुरुष!) पुढच्या अभ्यासांत मात्र तसं ठामपणे दिसेना. घाई किंवा कष्ट यापेक्षा सततचा राग आणि मनात धरलेलं वैर जास्त घातक, असं पुढे आलं.

आता मावशींसारख्यांचं. 1990 च्या दशकात बेल्जियममधल्या डेनोलेट यांनी 'टाईप डी' स्वभाव मांडला. मनात कायम चिंता, आणि लोक काय म्हणतील म्हणून ती कोणाला सांगायची नाही. असे हृदयरोगी जास्त दगावतात असं त्यांना दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका ठळक निघाला नाही.

म्हणजे स्वभावावर सगळं खापर फोडता येत नाही. पण ताण खरा आहे. 2004 साली 52 देशांतला एक मोठा अभ्यास आला. हार्ट अटॅकच्या नऊ मुख्य कारणांत तंबाखू, बीपी, शुगर, पोटाचा घेर यांच्या बरोबरीने मनावरचा ताण आणि उदासी होती.

हे होतं कसं? राग आला, भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रेनालिन सुटतं. धडधड वाढते, बीपी चढतं, रक्त गोठायची शक्यता वाढते. एखाद्या वेळी चालतं. रोज रोज झालं तर रक्तवाहिन्या खराब होतात. शिवाय टेन्शनमध्ये आपण काय करतो? जेवत नाही, झोपत नाही, "डोकं शांत होतं" म्हणून मिश्री लावतो. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने बीपी वाढतं.

मी मावशींना भेटायला गेले. तिथे जे कळलं ते अजून मनातून जात नाही. हप्ता चुकू नये म्हणून त्या बीपीची गोळी एक दिवसाआड घेत होत्या. आमच्या रजिस्टरला त्या शंभर टक्के वसुलीच्या सभासद. मीच दोनदा मिटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं होतं, आणि कर्ज कशासाठी उचललं, कोण वापरतंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण बीपीला आहे. तिशी झाली की तपासून घ्या. गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. छाती, पाठ, खांदा, जबडा दुखून दम लागला, घाम फुटला, मळमळलं तर पित्ताची गोळी घेऊन पडून राहू नका, 108 ला फोन करा. बायकांमध्ये कधी कधी छातीत कळ येतच नाही, नुसता थकवा आणि दम असतो. मन फारच जड झालं तर 14416 वर मोफत बोलता येतं.

आणि मिटिंगमध्ये हप्ते जमा झाले की लगेच उठू नका. दहा मिनिटं नुसत्या बसा. मावशींच्या गटाने हे सुरू केलंय, इतिवृत्तात लिहायचं नाही या अटीवर. पुढच्या मिटिंगला नर्स ताई बीपीचं मशीन घेऊन येणार आहेत. भांडणाऱ्या ताईंनी पहिला नंबर लावलाय.