धातूचा स्वभाव आणि अमूर्त शिल्प : विज्ञान व निसर्ग यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर येथील चर्चमधील अनेक घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. भीमाशंकर येथील घंटा किंवा नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा ही त्यांपैकी सर्वपरिचित उदाहरणे होत. या घंटा पाहणारा कोणीही 'ही कशाची प्रतिमा आहे?' असे विचारीत नाही. घंटेचा आकार उमललेल्या फुलासारखा भासतो खरा, परंतु तो फुलावरून घेतलेला नाही. घंटेच्या काशात साधारणतः ७८ टक्के तांबे व २२ टक्के कथील असते. काठाची जाडी, पोटाचा घेर आणि उंची यांच्या प्रमाणावर तिचा नाद अवलंबून असतो. म्हणजेच ध्वनिशास्त्राने ठरविलेले ते एक धातूचे रूप होय. अमूर्त धातुशिल्पासमोर उभे राहिल्यावर मात्र सुशिक्षित प्रेक्षकही हाच प्रश्न हटकून विचारतो आणि उत्तर न मिळाल्याने पुढे निघून जातो. प्रस्तुत लेखात विज्ञान व निसर्ग यांपासून प्रेरणा घेणाऱ्या अमूर्त धातुशिल्पाकडे कसे पाहावे, याचे विवेचन करावयाचे आहे.

प्रतीक आणि शिल्प

अनेक विज्ञानसंस्थांच्या प्रवेशद्वाराशी एकमेकांना छेदणारी तीन लंबवर्तुळे व मध्ये एक गोळा अशी लोखंडी रचना आढळते. तिला 'विज्ञानशिल्प' म्हणण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते ती केवळ पाटी आहे. अक्षरांऐवजी चिन्हाने लिहिलेली, इतकेच. शिवाय ती कालबाह्यही आहे. रदरफोर्ड व बोर यांनी १९११ ते १९१३ या काळात मांडलेली अणूची ग्रहमालेसारखी कल्पना पुंजयामिकीने १९२० च्या दशकातच मागे टाकली. विज्ञानातील आकृती उचलून धातूत उतरविणे म्हणजे विज्ञानापासून प्रेरणा घेणे नव्हे.

मग प्रेरणा कोठून येते? डार्सी थॉम्पसन या जीवशास्त्रज्ञाने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' या ग्रंथात सजीवांचे आकार हे त्यांच्यावर कार्य करणाऱ्या बलांचे आलेखच असतात, असा विचार मांडला. आपल्या वसई परिसरातील ताडाचे पान त्याचा पुरावा म्हणून पाहता येईल. पान पातळ असते, परंतु पंख्यासारख्या घड्यांमुळे ते वाऱ्यात ताठ राहते. वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतील कारागीर पत्र्याला कडेने घडी घालतो, तेव्हा तो हेच करीत असतो. त्याने ताडाचे निरीक्षण केलेले नसते. पत्रा त्याला तसे करावयास लावतो. शिल्पकार जेव्हा सपाट पत्रा दुमडून त्यास उभा करतो, तेव्हा निसर्गाचे अनुकरण न होता निसर्गाचा नियम पुन्हा घडतो. अमूर्त शिल्पातील 'निसर्ग' बहुधा या अर्थाने घ्यावा लागतो.

मुंबईतील परंपरा

ओतीव मूर्तीपासून सांधलेल्या शिल्पाकडे होणारे स्थित्यंतर कारखान्यातून घडले, ही बाब लक्षणीय आहे. हुलिओ गोन्झालेझ हा स्पॅनिश शिल्पकार १९१८ साली पॅरिसजवळील रेनो कारखान्यात वेल्डिंग शिकला. अलेक्झांडर काल्डर यांनी १९१९ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. त्यांची हवेच्या झुळकीने फिरणारी शिल्पे तरफेच्या नियमावर तोललेली आहेत. १९५५ साली ते अहमदाबादेस साराभाई कुटुंबाकडे राहून शिल्पे करून गेले.

आपल्याकडे या परंपरेचा प्रारंभ मुंबईत झाला. आदी दावियरवाला (१९२२–१९७५) हे शिक्षणाने औषधनिर्माण क्षेत्रातील रसायनज्ञ होते. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स इमारतीवरील उत्थित शिल्पे करणारे एन. जी. पानसरे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. लाकूड व दगड यांपासून सुरुवात करून ते धातूकडे आणि पुढे पर्स्पेक्स व चुंबक यांच्या वापराकडे वळले. चुंबकाचा वापर येथे महत्त्वाचा आहे. दोन भागांमधील रिकामी जागा चुंबकीय बलाने भारली की तीही शिल्पाचा घटक ठरते, आणि पदार्थविज्ञानातील 'क्षेत्र' ही संकल्पना कोणत्याही आकृतीविना समोर उभी राहते. पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांचा मार्ग निराळा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जाहिरातक्षेत्रात काम केलेल्या या कलावतीने भंगारातील लोखंडाला सांधून निसर्ग व मानवाकृती यांच्या आठवणी जागविणारी शिल्पे घडविली. मुंबईत हाजी अली येथे उभारलेले 'स्पार्क' हे त्यांचेच. नाव ठिणगीचे, आणि ज्या ठिणगीने लोखंड सांधले जाते ती कारखान्यातील रोजचीच. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी जो कलासंग्रह उभारण्यास प्रारंभ केला, त्यात या दोघांचीही शिल्पे आहेत. शास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर अमूर्त कला ठेवावी, ही भाभांची दृष्टी आपल्या महाविद्यालयांनी अद्याप पुरती आत्मसात केलेली नाही.

धातू आणि खारी हवा

धातुशिल्प स्थिर दिसते, परंतु ते सतत हालत असते. दहा मीटर लांबीची पोलादी पट्टी तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे ३.६ मिलिमीटर लांबते. अ‍ॅल्युमिनियमची वाढ जवळजवळ दुप्पट असते. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे शिकागोतील 'क्लाउड गेट' (२००६) स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचे व सुमारे १०० टन वजनाचे आहे. हे प्रसरण-आकुंचन सामावून घेण्याची सोय त्याच्या आतील सांगाड्यात करावी लागली.

आपल्या किनाऱ्यावर याहून मोठा प्रश्न मिठाचा आहे, आणि शिल्पाची मागणी नोंदविणाऱ्या संस्था त्याचाच विचार करीत नाहीत. बाजारात सहज मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असते. त्याचा अतिसूक्ष्म ऑक्साइड थर धातूचे रक्षण करतो. मात्र समुद्री हवेतील क्लोराइड तो जागोजागी भेदते आणि पृष्ठभागावर तपकिरी ठिपके उमटतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती अधिक तग धरते, पण महाग पडते. आपणहून गंजाचा संरक्षक थर धरणारे पोलाद परदेशी शिल्पांत शोभून दिसते. खारट व दमट हवेत तो थर पक्का बसत नाही आणि गंज पुढे पुढे जात राहतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाला थेट जोडल्यास, ओल लागताच दोहोंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. रंगाचे हात चढवून या गोष्टी फार तर काही पावसाळे लांबविता येतात.

यास्तव वसई-विरारमधील एखाद्या संस्थेने आवारात असे शिल्प उभारावयाचे ठरविल्यास रेखाटनासोबत धातूची प्रत, सांध्यांची पद्धत आणि गोड्या पाण्याने धुण्याची व्यवस्था यांचाही करारात लेखी उल्लेख असावा. विशेषतः वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवती उमटणारी निळसर-तपकिरी झाक आम्लप्रक्रियेने काढून टाकली आहे किंवा कसे, हे शिल्प ताब्यात घेण्यापूर्वी तपासावे. कारण ती राहिली तर उत्तम प्रतीच्या पोलादातही गंज प्रथम तेथूनच धरतो.