दोन, चार, पाच

आमच्या माळ्यावर एक जुना सुती दोर आहे. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला गाठ. मधलं अंतर बरोबर २७ मीटर ४३ सेंटिमीटर, म्हणजे ३० यार्ड. शाळेत पी.टी. शिकवत होतो तेव्हा आंतरशालेय सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हा फास मी मधल्या स्टंपात अडकवायचो. एक पोरगा दोर ताणून अर्धगोल चालायचा, दुसरा त्याच्यामागून फक्की टाकत यायचा. मग समोरच्या स्टंपांपाशी पुन्हा तेच. दोन्ही अर्धगोलांची टोकं सरळ रेघांनी जोडली की झालं तीस यार्डांचं वर्तुळ. "याला वर्तुळ म्हणू नका हो सर," असं आमच्या गणिताच्या बाई दरवर्षी बजावायच्या. त्यांचं बरोबरच होतं, पण क्रिकेटवाले ऐकतात कुठे!

आंतरराष्ट्रीय सामन्यात अशी सलग रेघ तरी असते किंवा दर पाच यार्डांवर पांढऱ्या चकत्या तरी. आम्ही एकदा चकत्यांऐवजी कागदी बशा मांडल्या आणि वर खडे ठेवले. वारा सुटला तशा निम्म्या बशा स्क्वेअर लेगच्या दिशेनं चालू लागल्या.

आता निवृत्त झाल्यावर सामने घरी बघतो, हिच्याबरोबर. हिला स्विंग, सीम यांत रस नाही. ती माणसं बघते. "अहो, तो एवढ्या लांब कशाला उभा राहिलाय?" हा तिचा ठरलेला प्रश्न. सुरुवातीला मी वैतागायचो. पुढे कळलं, की एकदिवसीय क्रिकेट समजून घ्यायचं तर हाच प्रश्न विचारायला हवा. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटतो, पण फटका कुठे मारायचा हे बऱ्याचदा त्याआधीच, कोण कुठे उभा आहे यावरून ठरलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. अकरांतून गोलंदाज आणि यष्टिरक्षक वजा केले की उरतात नऊ. पहिल्या १० षटकांत या नवांपैकी फक्त दोघं वर्तुळाबाहेर उभे राहू शकतात. अकराव्या षटकापासून चाळिसाव्यापर्यंत चार. शेवटच्या १० षटकांत पाच. दोन, चार, पाच. एवढं पाठ केलं की अर्धा खेळ कळला. याशिवाय लेग साइडला पाचापेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवता येत नाहीत, आणि त्यांतले स्क्वेअर लेगच्या मागे दोनच चालतात. चेंडू टाकला जाताना यांपैकी काही मोडलं तर नो-बॉल, आणि वर फ्री हिट.

शाळेच्या एका सामन्यात स्क्वेअर लेगला अंपायर म्हणून मी उभा होतो. आमच्याच पोरानं लाँग ऑफला सुंदर झेल घेतला आणि मी हात आडवा केला. बाहेर तिसरा भिडू उभा होता, रेघेपासून जेमतेम हातभर. झेल घेणाऱ्याचा काही दोष नव्हता. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ही रेघ आली कुठून? एकदिवसीय सामने १९७१मध्ये मेलबर्नला सुरू झाले तेव्हा ती नव्हतीच. नोव्हेंबर १९७९मध्ये सिडनीत इंग्लंड आणि वेस्ट इंडीज खेळत होते. शेवटच्या चेंडूवर विंडीजला ३ धावा हव्या होत्या. इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्ली यानं काय करावं? यष्टिरक्षकासकट सगळ्यांना सीमारेषेवर पाठवून दिलं! नियमात बसत होतं, म्हणून केलं. इंग्लंड जिंकलं, पण पुढच्याच, १९८०-८१च्या हंगामात ऑस्ट्रेलियात वर्तुळ आखलं गेलं. विश्वचषकात ते १९८३ साली आलं. चौघांनी कायम आत राहायचं, एवढंच तेव्हा बंधन होतं.

खरा उलथापालथ करणारा नियम १९९२च्या विश्वचषकात दिसला. पहिल्या १५ षटकांत बाहेर फक्त दोघं. तोवर सलामीवीराचं काम म्हणजे नव्या चेंडूची धार बोथट करणं, विकेट सांभाळणं. आता आतल्यांच्या डोक्यावरून चेंडू गेला की पुढे रान मोकळं. न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचनं ते ओळखलं. मार्च १९९४मध्ये ऑकलंडला सलामीवीर नवज्योत सिद्धूची मान आखडली. सचिन तेंडुलकरनं सलामीला जायला मागितलं, कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांनी होकार दिला, आणि त्यानं ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. मग १९९६. दिल्लीत आपण २७१ केल्या होत्या, सचिनच्या १३७. श्रीलंकेच्या जयसूर्या आणि कालुवितरणा यांनी पहिल्या ३ षटकांतच ४२ धावा चोपल्या. मध्यमगती टाकणाऱ्या मनोज प्रभाकरला शेवटी ऑफस्पिन टाकायची पाळी आली. तो सामना श्रीलंकेनं जिंकला, आणि काही दिवसांनी विश्वचषकही.

सगळ्यांना दिसतात ते हे सुरुवातीच्या षटकांतले षटकार. मला मात्र मधली ३० षटकं जास्त आवडतात. हिला जांभया येतात तेव्हा मी सरसावून बसतो. चारच माणसं बाहेर. समजा फिरकी गोलंदाज आहे. कर्णधार एक लाँग ऑनला ठेवतो, एक लाँग ऑफला, एक डीप मिडविकेटला आणि एक डीप पॉइंटला. संपले चार. म्हणजे थर्ड मॅन आणि फाइन लेग आत आले, त्यांच्या मागे सीमारेषेपर्यंत कोणी नाही. आता फलंदाजाचे हात बघा. चेंडू लाँग ऑनकडे ढकलून तो आरामात एक धाव काढतो, कारण तिथला माणूस ६५-७० मीटरवर आहे. दोन-तीनदा असं झालं की कर्णधार कंटाळून त्याला आत बोलावतो, एकेरी धाव तोडायला. फलंदाज त्याचीच वाट बघत असतो. पुढचा चेंडू त्याच्याच डोक्यावरून जातो. आत न बोलावता बाहेरच ठेवला, तर उशिरा बॅट उघडून थर्ड मॅनला चौकार, नाहीतर वाकून स्वीप. अंगावरचं पांघरूण तोकडं असावं तशी कर्णधाराची गत. डोकं झाकलं की पाय उघडे.

म्हणूनच एका माणसाच्या फरकानं केवढा फरक पडतो बघा. ऑक्टोबर २०१२मध्ये पॉवरप्लेनंतरही, म्हणजे सुरुवातीची कडक बंधनाची षटकं संपल्यावरही, बाहेर चारच माणसं असा नियम झाला, अगदी पन्नासाव्या षटकापर्यंत. धोनीनं त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. याच काळात, नोव्हेंबर २०१४मध्ये, रोहित शर्मानं ईडन गार्डन्सवर १७३ चेंडूंत २६४ धावा केल्या. त्यातलं कर्तृत्व रोहितचं, यात वाद नाही, पण मोकळी मैदानं नियमानं दिली होती. जुलै २०१५मध्ये शेवटच्या १० षटकांसाठी पाचवा माणूस परत मिळाला, तेव्हा कुठे गोलंदाजांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांची आणखी एक अडचण होती: दोन्ही टोकांकडून वेगळा नवा चेंडू वापरल्यामुळे तो फारसा जुना होत नव्हता आणि रिव्हर्स स्विंगही दुर्मिळ झाला होता. त्यावर २०२५मध्ये उतारा निघाला. पस्तिसाव्या षटकापासून दोन्ही टोकांकडून एकच चेंडू.

पण नियम फक्त मोकळी जागा देतो. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, विश्वचषकाची अंतिम लढत. दहावं षटक, म्हणजे बाहेर दोघं असण्याचं शेवटचं षटक. रोहितनं मॅक्सवेलला षटकार मारला, मग चौकार. "आता बास कर म्हणावं," ही म्हणाली. मी म्हटलं, "आत्ताच तर मारायचं, पुढच्या षटकात बाहेर चार होतील." रोहितचा हिशेबही तोच असावा. चेंडू उंच उडाला, कव्हरच्या मागे, अगदी रिकाम्या जागेत. ट्रॅव्हिस हेड आतला माणूस. तो पाठ फिरवून धावत सुटला, धावतच राहिला आणि झेपावून झेल घेतला. ३१ चेंडूंत ४७.

ते षटक संपल्यावर ९७ चेंडू एकही चौकार गेला नाही. उरलेल्या ४० षटकांत मिळून फक्त चार. खेळपट्टी संथ, विकेट गेलेल्या, आणि ऑस्ट्रेलियाची माणसं प्रत्येक धावेवर झडप घालत होती. ही बोटांवर मोजत होती. "चारच आहेत की हो बाहेर. नऊ-दहा असल्यासारखे का वाटतायत?"

एवढी वर्षं मी दोरानं जागा मोजली. माणूस किती जागा व्यापतो, ते मोजायला माझ्या दोरात सोय नव्हती.